जपणं म्हणजे झाकणं नव्हे

नव्याचे नऊ दिवस, असं आपण म्हणतो. नव्या गाडीला मात्र नऊ महिनेही पुरत नाहीत. दसरा किंवा पाडवा होऊन गेला की आमच्या नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, कुठल्याही सोसायटीच्या आवारात डोकावून बघा. नवी कोरी गाडी उभी असते, आरशाला बांधलेला झेंडू सुकून गेलेला असतो आणि आत सीटवरचं प्लॅस्टिक मात्र तसंच! त्या प्लॅस्टिकवर बसलं की उन्हाळ्यात पाठ भिजते, साडी सरकते, म्हाताऱ्या माणसाला धड टेकताही येत नाही. पण ते काढायचं नाही. का? तर सीट खराब होईल.

मग सुरू होतात नियम. ‘चपला बाहेर झटक.’ ‘मुलांना आत खाऊ देऊ नकोस.’ ‘दार हळू लाव, बांगड्या घासतात.’ ‘भाजीची पिशवी डिकीत.’ नियम करणारे बहुधा घरातले कर्ते पुरुष आणि पाळणाऱ्या आपण. गाडी दारात आली तेव्हा तिला औक्षण करणाऱ्याही आपणच होतो, हे वेगळं सांगायला नको!

मैत्रिणींनो, गाडी जपू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्या घरात गाडी हप्त्यांवर येते, त्या घराला तिची किंमत ठाऊक असते. आपल्या लहानपणी गाडी म्हणजे डॉक्टरांची नाहीतर कारखानदाराची. कुर्ल्याला तयार होणारी पद्मिनी नाहीतर अँबॅसिडर, आणि तीही नंबर लावून मिळायची. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि चारचाकीचं स्वप्न मध्यमवर्गाच्या जरा आवाक्यात आलं. पुढे २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाजारात आली, ती तर आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली. सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्या कितीतरी घरांनी आधी दुसऱ्यांसाठी गाड्या बनवल्या आणि मग कधीतरी स्वतःची घेतली. अशा घरात गाडीवर माया जडणारच.

प्रश्न मायेचा नाही, पद्धतीचा आहे. आपल्याकडे जपणं म्हणजे झाकून ठेवणं, असं एक समीकरण बसलंय. टीव्हीला क्रोशाचा रुमाल, फ्रीजच्या हँडलला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिक, चांगले कप शोकेसमध्ये आणि आपण मात्र कान तुटलेल्या कपातून चहा पितो. तोच न्याय आपण गाडीला लावला. कप शोकेसमध्ये राहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. गाडीचं तसं नाही. तिथे चुकीच्या जागी घातलेलं कव्हर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

खरं म्हणजे वस्तू कशी जपावी हे बायकांना कुणी शिकवायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याची पैठणी घ्या. ती आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवतो का? नाही. मलमलच्या कापडात गुंडाळतो, अधूनमधून बाहेर काढून घडी मोडतो, वारा लागू देतो. कारण प्लॅस्टिकमध्ये दमट हवा अडकते आणि जर काळी पडते, हे आपल्या आईने आपल्याला सांगितलेलं असतं. हीच अक्कल गाडीला लावली तर निम्मे प्रश्न सुटतात.

आधी बाहेरच्या रंगाचं बघू. मी कला शाखेची पदवीधर. मायक्रॉन वगैरे शब्द आमच्या वाट्याला कधी आले नाहीत. पण जरा वाचलं, गॅरेजमध्ये उभं राहून दोन प्रश्न विचारले, की कळतं. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी असते साधारण एक दशांश मिलिमीटर! त्यातला क्लिअर कोट तर त्याच्या निम्म्याहून कमी. आपल्याला दिसते ती सगळी चमक या पातळ थरावर अवलंबून. मग त्याचा मोठा शत्रू कोण? सकाळी सकाळी कोरड्या फडक्याने खसाखसा पुसणारा हात! रात्रभर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. कोरडं फडकं फिरवलं की ती वाळू रंगावर घासली जाते आणि उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. नॉनस्टिक तव्यावर तारेची घासणी फिरवतो का आपण? तसंच हे.

तेव्हा धूळ आधी पाण्याने भिजवून सोडवायची, मग मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने वरून खाली यायचं. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. भांड्यांचा साबण वापरू नये. तो तेलकटपणा काढतो तसं रंगावरचं मेणही काढून टाकतो. धुणं सावलीत किंवा सकाळी लवकर करावं आणि लगेच कोरडं करावं. बोअरचं पाणी जड असतं, ते उन्हात वाळलं की पांढरे डाग धरतं. बाथरूमच्या नळावर धरतात तेच! पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक दिसला की रविवारची वाट बघायची नाही. विष्ठेत आम्ल असतं, ते उन्हात रंगाला खातं. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवायचं आणि अलगद उचलायचं, घासायचं नाही.

एक पूजेबद्दल सांगते, रागावू नका. नवी गाडी काळाराम मंदिरापाशी न्यावी, वणीच्या देवीला न्यावी, जरूर न्यावी. पण बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून ते आठ दिवस उन्हात तापत ठेवलं, तर त्यातला रंग क्लिअर कोटमध्ये मुरतो. मग तो घालवायला पॉलिश करावं लागतं. स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा. काच पुसता येते आणि देवीला दोन्ही सारखंच. तारेत ओवलेला हार बॉनेटवर बांधू नका, दोऱ्यातला बांधा. गाडी हलली की तार पत्र्यावर घासत राहते.

आता कोटिंग. गाडी घ्यायला गेलं की किल्ली हातात यायच्या आधी समोर एक यादी येते. टेफ्लॉन, सिरॅमिक, अंडरबॉडी, आतल्या सीटचं वेगळं. आनंदाच्या भरात माणूस ‘एवढे दिले, अजून थोडे’ म्हणून सही करतो. त्यात फसवणूकच असते असं मी म्हणत नाही. सिरॅमिक कोटिंग नीट केलं तर पाणी टिकत नाही, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण त्याने दगड लागून उडालेला टवका थांबत नाही आणि कोरड्या फडक्याचे ओरखडेही थांबत नाहीत. खालच्या बाजूच्या अंडरबॉडी कोटिंगचा उपयोग अलिबाग-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत जास्त. नाशिकला समुद्र नाही आणि आजकालच्या गाड्यांना कारखान्यातच गंजरोधक थर दिलेला असतो. म्हणून त्या दिवशी सही करू नका. यादी घरी आणा, प्रत्येक गोष्टीची किंमत आणि गॅरंटी लिहून घ्या, गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून बघा आणि मग ठरवा. भाजी घेताना दोन गाड्यांवर भाव विचारणाऱ्या आपण, इथे का गप्प बसायचं? ज्यांना कोटिंग नको असेल त्यांनी तीन-चार महिन्यांनी चांगलं मेण लावलं तरी रंग छान राहतो.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बचत गटांच्या कामानिमित्त मी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवर जाते. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणारे हे डोंगर एप्रिल-मे महिन्यात कोरडे ठणठणीत पडतात आणि बाया हंडे घेऊन झऱ्याच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरतात. संध्याकाळी मी शहरात परतते तेव्हा कुणीतरी नळी सुरू ठेवून फोनवर बोलत असतं आणि गाडीवरून पिण्याचं पाणी वाहत असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात गोदावरीचं रामकुंड कोरडं पडलेलं आपण डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा गंगापूर धरणाच्या पाण्यावरून केवढी भांडणं झाली! बादलीने गाडी धुतली तर दोन-तीन बादल्यांत काम होतं आणि रंगालाही तेच बरं. गाडीचं आणि गावाचं हित इथे एकच आहे.

आता आत येऊ. मला खरं बोलायचंय ते इथलं.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने नवी गाडी घेतली. फिक्या रंगाच्या सीट, म्हणून पहिल्याच आठवड्यात जाड कव्हरं शिवून घेतली. सुंदर बसली, अगदी मापात. फक्त मागच्या सीटवरची बेल्टची बक्कलं त्या कव्हराखाली दबून गेली. कुणाला काही वाटलं नाही, कारण मागे बेल्ट लावतंच कोण? मुंबईला लग्नाला निघाले. कसारा घाटात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, यांनीही मारला. गाडी वेळेवर थांबली, कुठे धडकली नाही, पत्र्याला ओरखडाही आला नाही. पण मागे मधोमध बसलेली आठ वर्षांची मुलगी दोन सीटच्या फटीतून पुढे फेकली गेली आणि तिचं तोंड गिअरच्या दांड्यावर आपटलं. दोन दात गेले, ओठाला टाके पडले. मी भेटायला गेले तेव्हा तिची आजी मला म्हणाली, “सीटवर रक्ताचा एक डाग नाही बघ. सगळं कव्हरावरच पडलं.” असं म्हणून ती बाई ढसाढसा रडली. यावर मी काय बोलणार?

वेग फार नव्हता, म्हणून निभावलं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. महागडी, सगळ्या सुरक्षा सोयी असलेली गाडी. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, दोघेही गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवस सगळे जण मागच्या बेल्टबद्दल बोलू लागले. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत गाडीतल्या प्रत्येकाला बेल्ट सक्तीचा केला गेला. कायद्यात तो आधीपासून होताच. बेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाखाली १,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने बेल्ट लावायचा म्हटलं तरी आधी बक्कल सापडायला हवं ना! कित्येक गाड्यांत ते कव्हराखाली, गादीखाली, लोडाखाली गेलेलं असतं. आणि मागे कोण बसतं? बहुतेक घरांत आपण, आपली मुलं आणि सासू-सासरे. म्हणजे झाकलं गेलं ते नेमकं आपल्या वाट्याचं.

अशीच गोष्ट एअरबॅगची. आता बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या बाजूला, पाठीच्या शिवणीत एअरबॅग असते. तिथे तशी छोटी पट्टीही शिवलेली असते. धडक बसली की क्षणार्धात ती शिवण फाडून फुगा बाहेर येतो. त्यावर जाड, घट्ट कव्हर चढवलं तर फुगा अडकू शकतो किंवा भलत्या दिशेने फुगू शकतो. कव्हर हवंच असेल तर बाजू मोकळी सोडलेलं, त्याच गाडीसाठी केलेलं घ्या आणि दुकानदाराला शिवण दाखवायला सांगा. त्याला ‘चालतं हो वहिनी’ म्हणू देऊ नका!

पायाखालच्या मॅटचंही तसंच. मूळ मॅट खराब होऊ नये म्हणून त्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. चालकाच्या पायाखाली अशी थप्पी सरकली की ॲक्सिलरेटर तिच्यात अडकतो. ही काही माझ्या मनातली भीती नव्हे. सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाने मॅट पेडलमध्ये अडकण्याच्या धोक्यावरून सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत इशारा दिला आणि मॅट काढून ठेवायला सांगितल्या. चालकाच्या बाजूला एकच मॅट, आणि तीही खालच्या हुकात अडकवलेली. बाकी ठिकाणी हवी तर गोधडी घाला!

बंपरला ओरखडा येऊ नये म्हणून पुढे लोखंडी गार्ड बसवतात. रस्त्यावरच्या माणसाला धडक लागली तर ते लोखंड त्याला जास्त इजा करतं आणि धडकेचा जोर भलतीकडे गेल्याने आपल्या एअरबॅगचं गणितही बिघडू शकतं. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. काचांवरच्या काळ्या फिल्मचं सगळ्यांना आठवत असेल. आतला रंग उन्हाने विटू नये हे कारण, पण बाहेरून आतलं काही दिसत नाही ही भीती बायकांना जास्त. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या फिल्म काढायला लावल्या. नंतर नियमांत काही बदल झाले, तरी पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, ही अट आहेच. आतला रंग सांभाळायला गाडी सावलीत लावणं आणि समोरच्या काचेला घडीचा पडदा लावणं हा साधा उपाय आहे.

उन्हावरून आणखी एक. सीटवर पाय पडतात, बिस्किटाचा चुरा होतो म्हणून ‘तू गाडीतच बस, मी पाच मिनिटांत आलेच’ असं कुणी मुलाला सांगत असेल, तर कृपा करून नको. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं होतं, की उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या आसपास असतो. हिशेब तुम्हीच करा.

मग सीट घाण होऊ द्यायच्या का? अजिबात नाही. प्लॅस्टिक पहिल्या दिवशी काढा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात भिजून येणारे आपण लोक, त्या प्लॅस्टिकखाली ओल राहते, कुबट वास येतो, बुरशी धरते. त्यापेक्षा सुती चादर किंवा धुता येणारं साधं सुती आच्छादन बेल्ट मोकळे ठेवून अंथरा आणि पंधरा दिवसांनी धुवा. काही सांडलं तर लगेच टिपा, चोळू नका. दूध सांडलं तर थंड पाण्याने टिपून वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरा, रात्रभर ठेवून सकाळी झटका, वास कमी होतो. डॅशबोर्ड ओलसर मऊ फडक्याने पुसा. तेलकट चकचकीत पॉलिशने समोरच्या काचेत प्रतिबिंब पडतं आणि स्टिअरिंगला लागलं तर हात निसटतो. पावसाळ्यात ऊन पडलं की चारही दारं उघडून गाडीला वारा द्या. पैठणीसारखंच!

एवढं केलं की सीट सुंदर राहतात आणि मुलांना पोहे खायलाही मिळतात.

शेवटी एक मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त डाचतो. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी जणी ड्रायव्हिंग क्लास करून, परीक्षा देऊन लायसन्स काढतात. नवी गाडी आली की ते लायसन्स कपाटात जातं. ‘जुनी असती तर दिली असती चालवायला, नवीला ओरखडा येईल.’ जुनी होईपर्यंत तिचा हात मोडलेला असतो, हिंमत गेलेली असते. मग रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि नवरा दौऱ्यावर असला, की दारात गाडी असून ती रिक्षा शोधत मुंबई नाक्यावर धावते. शेजारच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की आधी सीटचा विचार येतो. धुणंभांडी करणाऱ्या मावशी भर पावसात चालत निघाल्या तरी ‘ओल्या साडीने बसतील’ म्हणून काच खाली होत नाही. गाडी जपता जपता आपण किती कोरडे झालो, याचाही विचार करायला हवा की नको?

ओरखड्याचा एवढा बाऊ करण्यासारखंही काही नसतं. नख फिरवलं आणि अडकलं नाही, तर तो वरच्या थरातला, बहुधा पॉलिशने जातो. अडकलं तर तेवढा भाग रंगवून मिळतो. विम्यात त्याची सोय असते. फक्त बारीकसारीक कामाला विमा मागू नये, कारण दावा केला नाही तर पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पुढे ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस मिळतो, तो जातो. म्हणजे बाईने गाडी चालवली आणि फाटकाला घासली, तर फार तर महिन्याच्या खर्चात थोडी ओढाताण होईल. घरात दुसरं माणूस गाडी चालवणारं असणं, याची किंमत त्याहून कितीतरी मोठी आहे.

तेव्हा या रविवारी एवढं करा. गाडीचं दार उघडा, मागच्या सीटखाली हात घाला आणि तिन्ही बक्कलं वर काढा. कव्हर आड येत असेल तर कात्री घ्या आणि तिथे भोक पाडून शिवून टाका, आपल्याला काज करता येतो की! मुलांना बेल्ट लावायला शिकवा, आजीला तो कसा सोडायचा ते दाखवा. बादली घेऊन सगळ्यांनी मिळून गाडी धुवा, कोरडी करा. आणि ती लख्ख झाली, की यजमानांकडे हात पुढे करून किल्ली मागा. सकाळची वेळ असेल, रस्ता मोकळा असेल. गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर मारून या. ते शेजारी बसले तर बसू देत, पण बेल्ट लावून!